वेशीची दिंडी

सुप्याच्या अलीकडच्या आमच्या गावात वडील इतिहास शिकवत. फ्रान्समधल्या एका तटबंदीच्या शहराचं चित्र त्यांनी जपून ठेवलं होतं. उंच तट, दोन बुरुजांमधली वेस.

"दिवस मावळला की दारं बंद," ते सांगत. "आपलं बरंय. आपल्या वेशीची दारं कुणाच्यानं हलत नाहीत."

"मग उशिरा येणाऱ्यानं काय करायचं?" मी विचारी.

"दिंडीवर टकटक. आतल्याला दया आली तर उघडणार."

दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं, वाकून यायचं छोटं दार. आमच्या वेशीलाही होती.

दुष्काळाच्या वर्षी ते नगरच्या दवाखान्यात वारले. त्यांना घेऊन आलेला ट्रक वेशीबाहेर थांबला. बाहेर मेलेल्याला गावात आणत नाहीत. आईचं कमरेखालचं अंग लुळं; त्यांना एकदा घरी आणा, एवढंच ती म्हणत होती. कुणी ऐकेना, तेव्हा म्हणाली, "मग मला न्या."

चौघांनी बाज खांद्यावर घेतली. वेशीत वडिलांची म्हातारी चुलती आडवी आली.

"जित्या बाईला चौघांच्या खांद्यावर वेशीभायर न्हेता? मंग माघारी कशी आनायची? मास्तरीन झाली म्हून रीत बदलती व्हय?"

खांदे थबकले. बाज आतच उतरली.

माणसं वडिलांना घेऊन ओढ्याकडे गेली. गेलेला मागं फिरू नये म्हणून उरलेल्या गड्यांनी रेटून रेटून दारं लावली. बिजागऱ्या जनावरासारख्या ओरडल्या. मग सगळे पांगले. आई घरी जाईना, म्हणून मी बाजेपाशी बसून राहिले.

तटावरून धूर दिसू लागला, आणि दिंडीवर टकटक झाली. हलकी, एका बोटाची. उशीर झाला की वडील घराचं दार तसंच वाजवत.

"उघड," आई म्हणाली.

"माणसं अजून ओढ्यावर आहेत, आई."

"म्हणून तर. उघड."

मी अडसर काढला. बाहेर कुणी नव्हतं. ट्रकच्या चाकांच्या खुणा, तापलेली धूळ. वारा अजिबात नव्हता.

वळून पाहिलं तर आईनं आपले लुळे पाय दोन्ही हातांनी उचलून बाजेच्या कडेला घेतले होते, वाटेतलं सामान सरकवावं तसे.

"बाजूला हो. वाकून यावं लागतं त्यांना."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. जरा वेळानं तिनं दिंडी लावायला सांगितली.