चंद्रावर जायचं दार

आमच्या शिंगणापुरात घराला दार लावत न्हाईत, हे साऱ्या दुनियेला ठाऊक. पर मी पारनेरकडची, कडी लावून झोपनारी. लग्न होऊन आले आन उंबऱ्यावर नुसता पडदा बघून मी रातभर जागीच राहिले. बारा वर्षं आमच्या ह्यांच्या मागं लागले, एक दार करा. गोरक्ष म्हंजे नाकासमोर चालनारा मानूस. शनिदेव राखतोय म्हनायचे, आन पडदा सारखा करायचे.

आन हाच मानूस सुप्याच्या कारखान्यात काय करायला लागला? तर दार! तेबी चंद्रावर जानाऱ्या मानसांच्या यानाचं. नमुना हुता, पसंत पडला तर पुढचं काम मिळनार. परातीसारखं गोल, लई जड. आठवड्याला घरी आले की ताटावरबी तेच. आतली हवा बाहेर जाता कामा नये, पर घाबरलेल्या मानसालाबी आतनं कडी काढता आली पायजे, असं म्हनायचे. मी म्हनायची, बायकोला पडदा आन परक्यांना दार, वा रे न्याय! ते हसायचे. अंगनात आलेल्या प्रत्येकाला चांदोबा दाखवून सांगायचे, तिथं माझं दार जायचंय.

मागच्या महिन्यात काम थांबलं. आधी नुसती यंत्रं जाऊ द्या, मानसं न्यायच्या कामाला आत्ता पैसा न्हाई, असं वरून कळवलं म्हने. नमुना भंगारात निघाला.

शनिवारी दुपारी घरापुढं टेम्पो थांबला. त्यातनं ते दार उतरलं, मागोमाग विटा. गोरक्षनं घमेल्यात सिमेंट कालवायला घेतलं. चौकट विटांनी बुजवून मधी हे बसवतो, म्हनाले. सासूबाई शनिदेवाची माफी मागायला लागल्या.

"तुला दार हवं हुतं ना, मनकर्णा? घे. आता ते कुठंच जात न्हाई."

मी रडून भेकूनबी ज्यांनी गावाची रीत मोडली न्हाई, ते आज मोडायला निघाले हुते. त्यांच्या डोळ्यात पानी हुतं. मला लई राग आला. हातातली थापी ओढूनच घेतली.

"न्हाई लावायचं," मी म्हनाले. "पैसा आज न्हाई, उद्या येईल. तवा काय भिंत फोडून देनार त्यांना?"

त्यांनी घमेलं बाजूला सारलं. मग दोघांनी मिळून दार आतल्या भिंतीला टेकवलं. धूळ बसू नये म्हनून झाकायला कापड शोधलं, एवढं मोठं कुठं घावंना. शेवटी मीच उंबऱ्यावरचा पडदा काढला आन त्याच्यावर टाकला.