गाडी मीच चालवीन

आमच्या मंडलाच्या, म्हणजे छोट्या तालुक्याच्या, पोलीस ठाण्यात मोटारसायकल एकच होती आणि ती साहेबांशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नसे. जमादाराला समन्स घेऊन खेड्यात जायचं असलं की तो गावातल्या कुणाचीही गाडी मागे. मागे म्हणजे काय, चावीसाठी नुसता हात पुढे करी. संध्याकाळी गाडी परत यायची ती टाकी ठणठणीत कोरडी करून. कुणी ब्र काढत नसे.

मी तेव्हा नवा मास्तर होतो. आदिलाबादहून जुनी गाडी आणली, आमच्या बौद्धवाड्यातली पहिलीच. महिन्याभरात जमादार ती दोनदा घेऊन गेला. दुसऱ्या वेळी मी शाळेतून पायी घरी आलो, तर बाबा ओट्यावर बसले होते.

"निजामाच्या राज्यात जमादाराची वळकटी डोक्यावर घेऊन मी पुढच्या गावापर्यंत जाओ," ते म्हणाले. "आमी अडानी होतो. तू तं शिकला ना? मंग काऊन वाहून राह्यला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बेगार संपली असं मीच पोरांना वर्गात शिकवत होतो.

पुढच्या खेपेला जमादार शाळा सुटताना फाटकाशी आला. हात पुढे. तो तेलुगू बोलणारा, म्हणून मी त्याला हिंदीत सांगितलं, चावी मिळणार नाही. काम सरकारी आहे तर तुम्हाला नेऊन सोडतो, पण गाडी मीच चालवीन, तुम्ही मागे बसा. वर्दीतला माणूस मास्तरच्या मागे बसत नसतो, म्हणाला. मग साहेबांना सांगीन म्हणाला, कागदपत्रं तपासीन म्हणाला. मी कागद खिशातून काढून दाखवले आणि म्हटलं, चला, साहेबांकडेही मीच नेतो. पोरं बघत उभी होती. बसची वेळ टळून गेली होती. शेवटी बसला मुकाट्याने.

बसता बसता त्याने आपली पिशवी माझ्या हँडलला अडकवली. मी ती काढून त्याच्या मांडीवर ठेवली. आडरस्ता जवळचा होता, तरी मुद्दाम गावातून, आमच्या वाड्यावरून गाडी काढली, तीही सावकाश.

त्याने परत कधी माझ्याकडे हात पुढे केला नाही.

गाडी वाड्यावरून गेली तेव्हा बाबा ओट्यावरच होते, पण मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं दिसत नसे. त्या रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "थैली कोनापाशी होती?"

"त्याच्याच मांडीवर."

घास हातातच ठेवून ते म्हणाले, "आखीन एक डाव सांग."