पिंपळाखाली वाचलेला खुलासा

तिरोड्यातलं आमचं साप्ताहिक ज्यांनी सुरू केलं, त्यांना सगळे भाऊ म्हणत. मोठ्या पेपरांत आपल्या खेड्यांची नावं फक्त अपघात झाला की येतात, याचा त्यांना राग होता. त्या रागापायी मास्तरकी सोडून त्यांनी पेपर काढला. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा नुकतीच पदवीधर झाले होते, आणि मला सगळ्याचीच घाई होती.

उन्हाळी धानाच्या दिवसांत चोरखमारा तलावाच्या कालव्याचं एक गेट कुणीतरी तोडलं. खालच्या शेतांना पाणी पोचेना. एकानं फोनवर एका शेतकऱ्याचं नाव सांगितलं. मी तसंच लिहिलं, छापूनही आलं.

तिसऱ्या दिवशी तो शेतकरी अंक घेऊन दारात उभा राहिला.

"माहं शेत गेटाच्या वरतं हाये. पानी मलेच आधी भेटते. मी कायले तोडीन?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "याले विचारलं होतंस?"

"नाही."

भाऊ रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "पुढच्या अंकात खुलासा छापू," मी पुटपुटले.

"छापू. पण याच्या गावात एक जण वाचते न् बाकीचे आयकते. खुलासा कोन वाचून दाखवन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून आम्ही दोघं त्या गावी गेलो. ग्रामपंचायतीसमोरच्या पिंपळाखाली माणसं जमली. भाऊंनी हातानं लिहिलेला खुलासा मोठ्यानं वाचला. शेवटी म्हणाले, "संपादक मी आहे. चूक माझी."

मला ते सहन होईना. "बातमी मी लिहिली होती," मी म्हटलं.

शेतकऱ्याची म्हातारी आई पुढे आली. "आता बोलून राहिलीस. तवा काऊन नाई आलीस विचाराले?"

निघताना प्यायला पाणीही कुणी विचारलं नाही, आम्हीही थांबलो नाही.

भाऊ आता नाहीत. साप्ताहिक मी चालवते. मोबाईलवर बातम्या येतच राहतात, फोटोसकट, नावासकट. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याशी बोलणं होईपर्यंत मी त्या थांबवते. आमच्या आधी दुसरीकडे छापून येतात, लोक हसतात. त्या शेतकऱ्यानं मात्र आमचा अंक परत कधी घेतला नाही. बाजारात दिसला तर मान हलवतो, एवढंच.