कुरुंद्याच्या भिंतीवरचं डाळिंबाचं झाड

आईनं आयुष्यभर भिंतीवर लावायची विणलेली चित्रं केली आणि सगळी लोकांना देऊन टाकली. माझ्याकडे एकही नाही. ती गेल्यावर पुण्यातल्या माझ्या कोऱ्या भिंती बघवेनात, म्हणून सुमनमावशीकडचं चित्र मागून आणायचं ठरवलं. सुमनमावशी आईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच मागावर शेजारी बसून विणायला शिकल्या.

परभणीपर्यंत रेल्वे, वसमतपर्यंत एसटी, पुढे कुरुंद्याला काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, कुरकुर करून उपयोग नाही. जाणार असाल तर हळद शिजवायच्या दिवसांत जा. सगळ्या रस्त्याला त्या वाफेचा वास असतो, आणि तो तुमच्या कपड्यांतून घरापर्यंत येतो. वसमतच्या स्टँडबाहेरची मिरचीभजी स्वस्त आणि जहाल आहेत, पाणी सोबत ठेवा.

मावशी दारातच उभी होती. जयभीम झाला, गळाभेट झाली, चहा झाला. माझं लक्ष सारखं भिंतीकडे. जुन्या विलायती पुस्तकातल्या नमुन्यावरून आईनं ते विणलं होतं. मधोमध डाळिंबाचं झाड, समोरासमोर दोन पक्षी, आणि उरलेल्या जागेत नुसती वळत गेलेली पानं. खाली मात्र तिनं आपली हळदीची फुलं घातली होती. उन्हानं रंग पार उडाले होते.

माझा चेहरा पडलेला बघून मावशीनं चित्र खिळ्यावरून काढलं आणि उलटं केलं. मागे निळा, डाळिंबी, सगळे रंग जिथल्या तिथे होते. लोकरीच्या सुटलेल्या टोकांमध्ये तिनं एका जागी बोट ठेवलं. तिथे एक लांब काळा केस विणला गेला होता.

"तुझ्या आईचा हाय," ती म्हणाली. "इनताना गेला. काढ म्हनलं, तर म्हनली, राहू दे, कोन बघून राहिलं."

आईचे केस इतके काळे मला आठवतच नाहीत. मी त्यावरून बोट फिरवलं आणि रडले. मग धीर करून चित्र मागितलं.

मावशीनं चित्र पुन्हा सुलटं केलं. "न्हाई बाई," ती म्हणाली. "तुझ्यापाशी तिच्या साड्या हायत, दागिने हायत, नाकबी तिचंच हाय तुझं. माझ्यापाशी एवढंच हाय. आठवण आली की तू येत जा."

फोटो मात्र तिनं दोन्ही बाजूंनी काढू दिले.

राग आला, खोटं कशाला सांगू. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. परभणी येईपर्यंत माझे मुद्दे संपले.

आता संध्याकाळी दिवा लावायचा राहतो आणि मी मागच्या बाजूचा फोटो मोठा करत बसते. पानं दिसतात, गाठी दिसतात, पक्ष्याचा डोळासुद्धा दिसतो. केस काही दिसत नाही.