डावा हात

स्काउट-गाइडचा स्कार्फ पेटीतून काढला की डांबरगोळीचा वास येतो. आज नव्या मुलांच्या पालकांसमोर तो गळ्यात बांधला आणि उरणच्या शाळेतली सुमनची आई आठवली.

पोरीचं नाव गाइडमध्ये घालायला मिठागरातून थेट आली होती. आमच्या स्काउट-गाइडच्या रीतीप्रमाणे हात मिळवायला मी डावा हात पुढे केला, तशी ती मागे सरली.

"पोरीचा चांगला काम हाय बाई, डावा हात कसा देऊ?"

"काळजाच्या बाजूचा असतो तो," मी म्हटलं.

ती नळावर गेली. मिठाने चिरलेला डावा हात धुतला, पदराला पुसला, मग दिला. "आता पोर तुमची."

हल्ली हे समजावून सांगायचाही थकवा येतो. मघाशी एका वडिलांनी न सांगताच डावा हात पुढे केला. क्षणभर बरं वाटलं. मग दिसलं, उजव्या हातात मोबाईल होता.