रुमाल आधी कोणाचा

तृप्ती डोईफोडेचे डोळे मिटू लागतात तेव्हा दुपारचे पावणेतीन झालेले असतात आणि विभागाच्या वाचनकक्षातला पंखा इतका सावकाश फिरत असतो, की त्याची पाती मोजता यावीत. तिच्यापुढे अर्ज आहे. ‘शांतता व संघर्ष-निराकरण’ या विषयाच्या एम.ए.मधून नाव काढून घेण्याचा. सही तेवढी राहिली आहे आणि कार्यालय पाचला बंद होतं. डोईफोडे घराण्यातून या विषयाकडे वळलेली ती पहिलीच. घराण्याची ख्याती पाहता उशीरच झाला होता.

झालं असं, की प्रात्यक्षिक म्हणून तिने आपल्याच इमारतीतला तंटा घेतला. मांजरमकर काकू आणि येरोळकर काकू, गच्चीची एकच उन्हाची बाजू, आणि दोघींच्या कुरडया. तृप्तीने दोघींना समोरासमोर बसवून हे कधी सुरू झालं असं विचारलं. एकीने पाच वर्षं मागे नेलं, दुसरीने बारा. तृप्तीने पुस्तकात असतं तसं चार्टपेपरवर संघर्षाचं झाड काढलं. दोघींनी त्याला फांद्या पुरवल्या. संध्याकाळपर्यंत झाड तीन चार्टपेपर व्यापून बसलं आणि सोसायटीच्या अध्यक्षांनी गच्चीला कुलूप घातलं. आता कोणाच्याच कुरडया वाळत नाहीत. जे आपल्याला जमत नाही ते शिकायचं कशाला, असं तृप्तीला वाटतं, आणि डोळे मिटतात.

बाकाखाली इंजिन घरघरतं.

“सरक जरा,” कोणीतरी म्हणतं.

ती सरकते. शेजारी भानाकाका बसतात. अंगात खाकी सदरा, छातीवर बिल्ला. तिचे सख्खे काका. सातवी पास, एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर, मागच्या पोळ्याला वारलेले. वारल्याचं त्यांना सांगावं की नको, हे तृप्तीला कळत नाही.

“माहीत आहे मला,” ते म्हणतात. “पासवर आलोय.”

वाचनकक्षाच्या खिडक्यांना आता आडवे गज आहेत आणि बाहेरून बाभळी मागे पळतायत. पुढे ग्रंथपाल गिअर बदलतात, पण आवाज होऊ देत नाहीत. काका तिच्या अभ्यासाची चौकशी करतात. ती सांगते: पहिल्या सत्रात युद्धं का होतात ते, दुसऱ्यात वाटाघाटी, तिसऱ्यात मध्यस्थाने ऐकायचं कसं. ऐकण्याचा पेपर शंभर मार्कांचा असतो हे कळल्यावर काका टोपी काढून मांडीवर ठेवतात. सरकारला इतकी अक्कल कधी आली, असं विचारतात. ती म्हणते, मी सोडतेय. त्यावर ते काही बोलणार, एवढ्यात मागून आरडाओरडा होतो.

गाडीची मागची बाजू म्हणजे गच्ची आहे. कडकडीत ऊन. एका सीटवर खिडकीतून टाकलेले दोन रुमाल, आणि दोन्ही बाजूंना हातात सोऱ्या घेऊन उभ्या मांजरमकर काकू आणि येरोळकर काकू. तृप्ती घाईने उठते, वही उघडते, आणि विचारायला जाते की रुमाल आधी कोणी टाकला.

काका तिचा हात धरतात. “ते नको विचारू, तृपे. ते विचारलं की गाडी पोचत नाही.” मग काकूंकडे वळून, तिकीट देताना विचारावं तसं विचारतात, “कुठं उतरणार, ताई?”

मांजरमकर काकू दचकतात. मग सांगतात, की मुलगी मंगळवारी सासरी परतणार, तिच्याबरोबर कुरडया द्यायच्यात.

“आणि तुम्ही?”

येरोळकर काकू सोऱ्या खाली ठेवतात. “मला काय, केव्हाही चालेल,” त्या म्हणतात. “पण मला कोणी विचारलंच नाही.”

आणि त्या आपला रुमाल उचलतात.

तृप्तीला सगळं लख्ख आठवतं. “हे आमच्या पुस्तकात आहे, काका. मागणी वेगळी, गरज वेगळी. प्रकरण चौथं. मी त्यात पास झालेय.”

“लिहिलंय?” काका तिच्या वहीत डोकावतात. “छापून?” त्यांना एवढं कळायला अकरा वर्षं आणि दोन दात गेले होते. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. त्यांच्या जागी आलेला माणूस आज पुन्हा पहिल्या रुमालापासून सुरुवात करतोय. “माझ्याबरोबर जळून गेलं ते,” ते म्हणतात. “तुमच्याकडं लिहून ठेवतात. केवढं मोठं काम आहे गं.”

“पण मला जमलं नाही.”

“मी ज्यांचं मिटवलं, ते दुसऱ्या दिवशी परत भांडायचे. मी परत ड्यूटीवर जायचो.” मग ते उठतात, टोपी घालतात, आणि एकदम परके होतात. “तिकीट?”

तिच्याकडे अर्जाशिवाय काही नाही. काका तो उलटसुलट पाहतात, खिशातून तिकिटं टोचायचा चिमटा काढतात. खट.

पंखा फिरतोय. सव्वातीन. समोरच्या टेबलावर ग्रंथपाल नोंदी करतायत, त्यांना गाडी चालवता येत असेल असं वाटत नाही. अर्ज तिच्या हाताखाली आहे, आणि सहीच्या जागी एक गोल, स्वच्छ कडांचं भोक आहे. तृप्ती टेबलाखाली वाकून तेवढा कागदाचा तुकडा शोधते. तो नाही.

ती अर्ज वहीत ठेवते, बाहेर व्हरांड्यात येते आणि फोन लावते.

“येरोळकर काकू, तृप्ती बोलतेय. तुम्हाला एक विचारायचं राहूनच गेलं.”