चाळीस कॉम्प्युटरांची खंडेनवमी

मी यादीशिवाय काम करत नाही. विष्णुपुरीजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. चाळीस कॉम्प्युटर आहेत, दारामागे खिळ्याला यादी.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत लॅब एका मुलीच्या प्रोजेक्टसाठी दिली होती. ती बिलोलीची, शेवटच्या वर्षाला. दुर्बिणीने टिपलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या नोंदी इंटरनेटवर कुणालाही मिळतात. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश किंचित घटतो. ती घट शोधायची. एकट्या कॉम्प्युटरला महिने लागले असते. म्हणून तिने क्लाउडवर प्रोग्राम ठेवला होता. तो नोंदींचे तुकडे करून रिकाम्या कॉम्प्युटरांना वाटायचा आणि उत्तरं गोळा करायचा. निम्मे तुकडे आमच्याकडे, निम्मे लातूरच्या एका लॅबमध्ये. ती लॅब माझी जुनी मैत्रीण बघते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला परीक्षकांसमोर उभं राहायचं होतं.

खंडेनवमीच्या पूजेसाठी लॅबच्या शिपाई मामांना मी यादी दिली होती: झेंडू, हळदकुंकू, नारळ, पेढे, शेवटी दाराला कुलूप. सकाळी मुलीसोबत पोचले तर प्रत्येक मॉनिटरला कुंकवाचं बोट, आणि पडदे काळे. मामांनी मेन स्विच पाडला होता.

"मामा, हे काय केलं?"

"चालू अवजाराला कुंकू लावतेत का, मॅडम? आमच्या गावाकडं आज औताला बैल बी जुपत न्हाईत."

स्विच चालू ठेवा, हे मी यादीत लिहिलंच नव्हतं.

मुलीने मामांनी दिलेला पेढा हातात तसाच धरून लॅपटॉप उघडला.

"मॅडम, आपले तुकडे लातूरला गेलेत." आमचे चाळीस गप्प झालेले पाहून प्रोग्रामने त्यांचं काम तिकडे वाटून दिलं होतं.

तेवढ्यात मैत्रिणीचा फोन. "आमच्या मशिनी तापल्यात. तुमचं काम आमच्या गळ्यात घालून पेढे खाऊन राहिलात व्हय?"

"एकच दिवस गं."

"उद्या आमची पूजा. आम्ही दसऱ्यालाच करतो. मग आमच्या बी बंद."

मुलीचा चेहरा उतरला. मामा म्हणाले, "उद्या सकाळी माझ्या हातानं चालू करतो. आराम झालेल्या मशिनी दुप्पट पळतेत."

दसऱ्याला मामा माझ्या आधी हजर होते. दुपारी लातूर बंद झालं, त्यांचे उरलेले तुकडे आमच्याकडे आले. संध्याकाळी शेवटचं उत्तर आलं. पडद्यावर सरळ रेघ, तिच्यात सारख्या अंतरावर छोटे खड्डे, ग्रह ताऱ्यासमोरून गेला त्या प्रत्येक वेळचे. तो ग्रह जगाला आधीच माहीत होता. आपली पद्धत खरी की खोटी हे कळावं म्हणून मुलीने त्याचा तारा मुद्दाम यात ठेवला होता.

"ह्या खड्ड्यांसाठी एवढी धावपळ?" मामा वाकून बघत म्हणाले.

"हाव मामा," मुलगी म्हणाली आणि कालपासून राहिलेला पेढा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काम चालू असताना मशिनी बंद पडल्या तर?" मुलीने दोन्ही पूजा सांगितल्या. परीक्षक हसले, आणि दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

या वर्षीच्या यादीत पेढ्यांखाली एक ओळ वाढवली आहे: लातूरला फोन करून पूजेचा दिवस विचारणे. स्विच मामाच पाडतील.